चाळीस नंबरचे घर

यंत्र आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. माझ्या मोठ्या भावाने पाहिले होते, तेही काचेच्या अलीकडे उभे राहून.

तो अमरावतीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत असे. साठच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, मुंबईच्या एका संस्थेने इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचा वर्ग भरवला आणि त्यासाठी त्याची निवड झाली. वर्ग संपताना प्रत्येकाला एक संधी देण्यात आली. आपापल्या गावी जाऊन यंत्रासाठी एक कार्यक्रम लिहायचा आणि टपालाने पाठवायचा. कार्यक्रम म्हणजे हुकमांची माळ, यंत्राने आधी काय करायचे आणि मग काय. यंत्र तो एकदा चालवील. उत्तर बरोबर आले तर मुंबईत वर्षभराचे प्रशिक्षण आणि पुढे तिथेच नोकरीची शक्यता. वयाची अट होती आणि भावाच्या बाबतीत ती त्याच वर्षी संपत होती. हे त्याने घरी एकदा सांगितले. नंतर तो विषय वहिनीच काढत असे.

"यंदा नाही झालं तर मंग नाहीच," ती म्हणायची. "मंग हे जन्मभर इथं लॉगॅरिदम शिकवत राहतीन आणि मले त्यांचं तोंड पाहावं लागंन."

वहिनी नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत असे. मूळची परतवाड्याची. लहानपणी सांधेतापाने तिचे हृदय अधू झाले होते. जिना चढताना ती मध्ये थांबे आणि थांबण्याचे काही तरी निमित्त काढे. कधी पदर नीट करी, कधी खाली राहिलेल्याला हाक मारी.

मी तेव्हा अकोल्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात खोली घेऊन राहत होतो. अकोल्याच्या तारघरात माझा एक मित्र होता. रविवारी सकाळच्या मोटारीने आम्ही दोघे अमरावतीला जाऊ लागलो, ते भावाच्या या कार्यक्रमापायी.

यंत्राशिवाय यंत्र कसे शिकायचे, यावर भावाने एक उपाय काढला होता. वहिनीच्या शाळेची किल्ली तिच्याकडे असे. रविवारी शाळा बंद. लांब पत्र्याचा व्हरांडा आणि कपाटात पहिलीच्या मुलांच्या दगडी पाट्या. त्या पाट्या त्याने भिंतीला टेकवून ओळीने उभ्या केल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर खडूने नंबर घातला.

"ही यंत्राची स्मृती," तो म्हणाला. "स्मृती म्हणजे घरांची ओळ. प्रत्येक घराला नंबर. घरात एका वेळी एकच आकडा राहतो. विचारायला गेलात तर घर आकडा सांगतं, पण देऊन टाकत नाही. नवा आकडा लिहिलात की जुना गेला. बस्स, एवढंच."

"अन् आठवण?" मित्राने विचारले.

"कशाची?"

"स्मृती म्हनता ना सर. तिले काही आठवत नाही?"

"शेवटचं लिहिलेलं तेवढं."

पहिल्या ओळीत हुकमांच्या पाट्या होत्या. दुसऱ्या ओळीत, अकरा ते वीस नंबरच्या घरांत, एक ते दहा हे आकडे. या दहा आकड्यांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज करायची, एवढेच गणित. उत्तर तीनशे पंच्याऐंशी येते, हे कागदावर कोणीही काढू शकतो. भावाने मुद्दाम तेच घेतले होते. उत्तर आधी माहीत असले तरच यंत्राकडून झालेली चूक दिसते, असे त्याचे म्हणणे.

प्रत्यक्ष गुणाकार आणि बेरीज जिथे होई त्या जागेला इंग्रजीत लांबलचक नाव होते. मित्राने ती जागा घेतली आणि तिला चक्की म्हटले. आकडा टाका, पीठ घ्या. आकडे इकडून तिकडे नेण्याचे काम माझे. हुकूम एकामागून एक वाचण्याचे काम भावाचे.

माझे वडील भिक्षुकी करत. ते रविवारी येऊन बसत ते हे काय चालले आहे यावर नजर ठेवायला. रिकामे बसवायचे कसे, म्हणून त्यांनाही एक घर द्यावे असे ठरले.

"काकाले एकचा आकडा द्या सर," मित्र म्हणाला. "कार्यक्रमभर तो बदलतच नाही. काका कुठी बदलतात?"

"तारवाल्या," वडील म्हणाले, "तू आपली चक्की नीट दळ. पिठात खडे येऊन राहिले."

मित्राच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्याचे वडील जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलत. पहिल्या रविवारी वहिनीने सगळ्यांना एकाच ताटलीतून चहा दिला तेव्हा वडिलांनी घेतला नाही. पुढे एका रविवारी घेतला. यावर घरात चर्चा झाली नाही.

बेरीज जिथे साठत जाई ते घर वहिनीचे. नंबर तिने स्वतः मागून घेतला.

"माझ्या वर्गात एकोणचाळीस लेकरं हायेत. चाळिसावी मी."

खांबाजवळ, जिथे वारा येई, तिथे ती बस्कर टाकून बसे. मांडीवर पाटी, शेजारी पाण्याची वाटी आणि फडक्याचा तुकडा. काम सुरू होण्यापूर्वी ती पाटी ओल्या फडक्याने पुसे, वाळू देई, आणि पुन्हा पुसे.

"वहिनी, दगड झिजून राहिला," मित्र म्हणे.

"उष्ट्या पाटीवर लिहू नाही. आणि एकदा पुसून होत नाही बाप्पा. ओली पाटी खोटं बोलते. वाळली की खालचं वर येते."

पहिलीची मास्तरीण ती. तिच्या वर्गात लेकरे बसली की पहिले वाक्य तेच असे, पाटी पुसा. तिची सवय म्हणून आमच्यापैकी कोणी त्या पुसण्याकडे लक्ष दिले नाही.

काम असे चाले. भाऊ हुकूम वाची. अकराव्या घरातला आकडा चक्कीत ने. मी पाटीसमोर वाकून आकडा वाची आणि मित्राला सांगे. त्याचा त्यालाच गुणाकार कर. मित्र तो करी. चाळिसाव्या घरातला आकडा त्यात मिळव. मी वहिनीकडे जाई, ती पाटी माझ्याकडे वळवी. आलेली बेरीज चाळिसाव्या घरात लिही. ती लिही. मग एक विचित्र हुकूम येई. पहिल्या हुकमाच्या पाटीवर अकरा लिहिले होते, त्यात वडिलांच्या घरातला एक मिळवायचा. अकराचे बारा होत. पुढच्या फेरीत तोच हुकूम आता बाराव्या घरातला आकडा मागे.

हे पहिल्यांदा झाले तेव्हा वहिनी हसली.

"हुकूम आपला आपणच बदलते? आमच्या हेडमास्तरसारखा!"

"हुकूमसुद्धा आकडाच आहे," भाऊ म्हणाला. "त्याच घरांत राहतो. यंत्राला हुकूम कोणता आणि गणितातला आकडा कोणता, हे कळत नाही. जिथून वाचायला सुरुवात केली तो हुकूम."

वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट नवीन वाटली नाही, पण अस्वस्थ करणारी वाटली. आमच्याकडेही बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे छपाईच्या शिशाच्या खिळ्यांना कळत नसे.

काही रविवार चुका सापडण्यात गेले. एकदा थांबण्याचा हुकूमच लिहायचा राहिला आणि भाऊ आकड्यांच्या ओळीपलीकडे जाऊन रिकाम्या पाट्या वाचू लागला. मित्र ओरडला, "सर, गाडी स्टेशन सोडून चालली!" एकदा वडिलांनी आपल्या पाटीवरचा एक पुसट झाला म्हणून गिरवताना त्याला शेंडी काढली आणि तो नऊसारखा दिसू लागला. मी नऊ वाचला. त्या दिवशी कार्यक्रम पार कोलमडला. वडिलांनी मान्य केले नाही.

"मी एकच काढला होता. वाचणाऱ्याचे डोळे तपासा."

भावाचा एक नियम होता. जे पाट्यांवर चालले नाही ते टपालात पडणार नाही. पावसाळा संपता संपता कार्यक्रम सलग चालला. शेवटी वहिनीने पाटी सगळ्यांकडे वळवून धरली. तीनशे पंच्याऐंशी. तिचा पाच पहिलीच्या मास्तरणीचा पाच होता, पोट गोल, टोपी सरळ. भावाने पहिल्या हुकमावर परत अकरा घातले आणि पुन्हा चालवायला लावले. तिने पाटी पुसली, वाळवली, पुन्हा पुसली. पुन्हा तीनशे पंच्याऐंशी. पाकीट रजिस्टर्ड टपालाने गेले.

पाट्या कपाटात ठेवताना वहिनीने आपली पाटी पुसली नाही. ती सुरुवातीला पुसत असे, शेवटी नव्हे. ही जादा पाटी ती वर्गात कोणाला देत नसे, म्हणून शेवटचे उत्तर पुढच्या रविवारपर्यंत तसेच राही.

दिवाळीच्या आधी तिला धाप लागू लागली. सरकारी दवाखान्यात नेले. दाखल केल्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. शेवटच्या दिवसांत ती भावाला पुनःपुन्हा विचारत होती, "आलं का मुंबईचं?" आले नव्हते. आले असे खोटे सांगावे, असे वडिलांनी सुचवले. भावाने सांगितले नाही.

निधनाची चार ओळींची बातमी मी लिहिली. ती अकोल्याच्या अंकात तिसऱ्या पानावर आली. आमच्या छापखान्यात अंक निघाला की जुळारी पानाचे खिळे सोडून परत खणात टाकी. दुसऱ्या दिवशी मी तिथे उभा होतो. बातमीच्या चार ओळी त्याने बोटांनी विस्कटल्या, अक्षरे आपापल्या खणांत गेली. त्यानंतर तो अंजनगाव सुर्जीच्या बाजाराचे भाव जुळवू लागला. खिळे तेच होते.

मुंबईचे पाकीट त्यानंतर आले. आत एक रुंद, घडी घातलेला कागद होता आणि त्यावर यंत्राने छापलेला एकच आकडा. नऊशे दोन. सोबत संस्थेचे पत्र होते. उत्तर चुकले आहे. चुकीचे कारण स्वतः शोधून, लेखी देऊन, दुरुस्त कार्यक्रम महिनाअखेर पोचेल असा पाठवता येईल. त्यानंतर विचार होणार नाही.

वडिलांनी तिथल्या तिथे वजाबाकी केली. पंचांगाच्या सवयीने ते तोंडी करत.

"पाचशे सतरा जास्त आहेत."

"कुठून आले?" मी विचारले.

कार्यक्रमात पाचशे सतरा हा आकडा कुठेही नव्हता. कोणत्याही आकड्याचा तो वर्ग नव्हता. एखादी फेरी जास्त झाली असती तरी तो येत नव्हता. भावाने सगळे हुकूम एकेक करून तपासले. आठवडाभर त्याने दुसरे काही केले नाही. कॉलेजमधून आला की तो वहिनीच्या खाटेवर कागद पसरून बसे. प्रत्येक हुकूम बरोबर होता. बेरीज तीनशे पंच्याऐंशीच होती. यंत्रात मात्र आणखी कोणी तरी होते.

हे शेवटचे वाक्य वडिलांचे. त्यांनी ते भीती घालण्यासाठी म्हटले नव्हते.

"कोणाचं तरी राहून गेलं असेल," ते म्हणाले. "रिकामी जागा म्हणून आपण जातो, ती रिकामी नसते."

मित्राला मी अकोल्यात हे सांगितले. तो म्हणाला, "लाइनवर असं होते. आपन नागपूरची तार घेऊन राहिलो असतो, आन मधातच बारीक दुसरी तार वाजते. कोन्या गावची, कोनाची, काई समजत नाही. आपन लिहून घेत नाही. पन ऐकू येते."

पुढच्या रविवारी भावाने आम्हाला बोलावले. पाट्यांवर पुन्हा चालवून पाहायचे होते. शाळेची आणि कपाटाची किल्ली अजून घरातच, वहिनीच्या खुंटीवर होती; ती आजारी पडल्यापासून तिचे कपाट उघडलेच नव्हते. हेडमास्तरांनी दोनदा निरोप पाठवला होता. सोमवारी नव्या बाई हजर होणार होत्या आणि किल्ली त्यांना द्यायची होती.

सकाळची वेळ होती. व्हरांड्यात ऊन आले होते. कपाटातून पाट्या काढून आम्ही ओळीने लावल्या. वहिनीची पाटी सगळ्यांत वर होती. भावाने ती दोन्ही हातांनी काढली आणि खांबाजवळ, बस्कराच्या जागी, भिंतीला टेकवून ठेवली. त्यावर तिच्या हातचे तीनशे पंच्याऐंशी होते. तिथे कोणी बसले नाही.

बाकीच्या पाट्यांवर भावाने कागदावरून हुकूम आणि आकडे नव्याने लिहिले. वडील आपल्या जागी बसले. मित्र चक्कीवर. भावाने पहिला हुकूम वाचला. मी अकराव्या घरातला एक नेला. मित्राने त्याचा त्यालाच गुणाकार केला.

"एक."

"चाळिसाव्या घरातला आकडा त्यात मिळव," भावाने वाचले.

मी खांबाजवळ गेलो. माझे काम पाटीवर आहे ते वाचणे, एवढेच होते.

"तीनशे पंच्याऐंशी," मी म्हणालो.

मित्राने लिहिण्यासाठी पेन्सिल उचलली होती, ती तशीच राहिली. मग त्याने हिशेब केला, कारण त्याचेही काम तेच होते.

"तीनशे शहाऐंशी," तो हळू म्हणाला.

भावाने हुकमांच्या पाट्यांकडे पाहिले नाही. तो चाळीस नंबरकडे पाहत होता. पुढचा हुकूम त्याने वाचला नाही. वडील बोलले.

"ती पुसायची."

मग सगळे उघडच होते. आम्ही पुढे चालवले असते तर उत्तर सातशे सत्तर आले असते. बेरजेचे घर सुरुवातीला रिकामे करा, असा हुकूम कार्यक्रमात नव्हता. तो कधीच नव्हता. पाट्यांवर त्याची गरज पडली नाही, कारण प्रत्येक वेळी कोणी न सांगता वहिनी पाटी पुसून बसत होती. भावाचा कार्यक्रम तिच्यासह बरोबर होता. मुंबईच्या यंत्रात चाळीस नंबरच्या घरात आधीच्या कोणाचे तरी पाचशे सतरा पडून होते. यंत्राने ते पुसले नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते.

"आपन तिले हसत होतो," मित्र म्हणाला. "दगड झिजते म्हून."

भाऊ उठला. कोऱ्या पाटीवर त्याने नवा हुकूम लिहिला, चाळिसाव्या घरात शून्य लिही, आणि ती पाटी हुकमांच्या ओळीत सर्वांत आधी ठेवली. मग तो तिथेच उभा राहिला. त्याचा नियम सगळ्यांना माहीत होता: पाट्यांवर चालवल्याशिवाय टपाल नाही, आणि चालवायचे तर तिचे आकडे पुसावे लागणार. महिनाअखेरीला थोडे दिवस होते. टपालाचे दिवस त्यातून वजा जायचे होते.

"सर," मित्र म्हणाला, "दुसरी पाटी घ्या ना. पडल्या हायेत इतल्या. तिच्यावर पाचशे सतरा लिहा आन चाळीसच्या जागी ठेवा. हुकूम बरोबर हाये का नाही, ते समजंन."

"हो," भाऊ लगेच म्हणाला. "तसं करू."

"आणि ही?" वडिलांनी विचारले.

"ही मी घरी नेतो. शाळेला नवी घेऊन देईन."

"पाटी शाळेची आहे. तिने कधी खडूचा तुकडा घरी आणला नाही."

"बाबा, एक पाटी..."

"उद्या नव्या बाई येतील. पहिल्या तासाला कपाट उघडतील आणि पोरांना सांगतील, पाट्या पुसा. कोणाच्या तरी हाताला ही येईल. थुंकी लावून पुसेल." वडील हे सगळे एका सुरात बोलले. "तिच्या हातचं तिच्या माणसानं पुसावं. बाकी तू शहाणा आहेस."

"काका, राहू द्या," मित्र म्हणाला.

"तू सांग रे तारवाल्या. तार घेतलीस की कागद मोकळा करतोस की नाही?"

मित्र भावाकडे न पाहता म्हणाला, "मशीनले सुतक नसते, सर. पन आपल्याले असते. ते बी संपते."

बस्कराच्या जागेवर भाऊ बसला. पाटी त्याने मांडीवर घेतली. पाण्याची वाटी आणि फडके कपाटातच होते. फडके वाळून कडक झाले होते. मी ते पाण्यात बुडवून दिले. हुकूम वाचणारा आता खाली बसला होता, म्हणून पहिली पाटी मी वाचली.

"चाळिसाव्या घरात शून्य लिही."

त्याने पुसले. आधी तीन गेला, मग आठ. पाचावर त्याचा हात थांबला नाही, पण हळू झाला. पाटी काळी, ओली, स्वच्छ दिसू लागली. त्याने त्यावर शून्य काढले.

ऊन पाटीवर येत होते. मी अकराव्या घरातला एक चक्कीत नेला, त्याचा वर्ग झाला, आणि चाळिसाव्या घरातला आकडा विचारायला मी पुन्हा खांबाजवळ गेलो तोपर्यंत पाटी वाळली होती. शून्याच्या खालून तिचे आकडे वर आले होते. तीन, आठ, पाच. पुसट, पण वाचता येत होते. ती दोनदा पुसत असे. भावाने एकदाच पुसले होते.

भावानेही ते पाहिले. फडके त्याच्या हातातच होते. त्याने ते वाटीत ठेवून दिले आणि पाटी माझ्याकडे वळवली, ती वळवीत असे तशी.

"वाच," तो म्हणाला.

"शून्य," मी वाचले.

दहा फेऱ्या झाल्या. तिच्या अक्षरांवर त्याची अक्षरे चढत गेली. एक, पाच, चौदा, तीस. शेवटी पाटीवर तीनशे पंच्याऐंशी उभे होते. खालचे आणि वरचे आकडे तेच, पण एकमेकांवर बसले नव्हते. भावाचा पाच घाईचा होता. वहिनीचा पाच त्याच्या मागे, थोडा डावीकडे, टोपी सरळ करून उभा होता.

वडिलांनी पाट्या आवरल्या. किल्ली त्या संध्याकाळी हेडमास्तरांकडे पोचली.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी टपालात पडला. चुकीचे कारण भावाने इंग्रजीत, एका वाक्यात लिहिले. पाकीट बंद करण्याआधी त्याने मला ते वाचायला दिले, कारण छापील मजकुरातल्या चुका मला दिसत. त्यात चूक नव्हती. मराठीत ते असे होईल. चाळीस क्रमांकाचे घर सुरुवातीला रिकामे असते, असे मी धरून चाललो होतो.

यंत्राने या वेळी बरोबर उत्तर दिले. भाऊ मुंबईला गेला. वर्षभरासाठी गेलेला तो तिथेच राहिला. वडिलांनी त्याला निरोप देताना स्टेशनवर फक्त डब्याबद्दल सूचना दिल्या.

नंतर एकदा कामानिमित्त मुंबईला गेलो असताना मी त्याच्या संस्थेत गेलो. तेव्हा प्रथम यंत्र पाहिले. करड्या रंगाची कपाटे, थंड खोली, आणि बारीक, सलग आवाज. काच तीच होती, भाऊ आता तिच्या आत होता. त्याच्या टेबलावर त्या आठवड्यात लिहिलेले कार्यक्रम पडले होते. वाट पाहताना मी ते चाळले. हुकमांचे आकडे वाचण्याइतके मला तोवर येत होते. गणिते वेगवेगळी होती, एक धरणाच्या भिंतीचे, एक कसल्याशा लाटांचे. पहिला हुकूम प्रत्येक कागदावर एकच होता. चाळिसाव्या घरात शून्य लिही.

मी कागद पुढेपर्यंत पाहिले. एकाही कार्यक्रमात चाळीस नंबरचे घर पुन्हा कुठे येत नव्हते.

भाऊ बाहेर आला तेव्हा मी त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे घर तू वापरत नाहीस."

"नाही."

"मग पुसतोस कशाला?"

त्याने कागद माझ्या हातून घेतले, कडा जुळवल्या आणि आत नेऊन यंत्राजवळच्या माणसाकडे दिले. काचेतून मला दिसत होते. त्या माणसाने पहिल्या ओळीकडे पाहिले, भावाकडे पाहिले, आणि काही न विचारता कार्यक्रम यंत्राला दिला. त्याला ते सवयीचे झाले असावे.